शिध्यातलं मीठ

मी तापट आहे आणि उतावळीही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यातलं निम्मं या दोन गुणांमुळेच घडलं.

दोह्यात आमचं बिऱ्हाड अल सद्दला. नवरा गॅसच्या प्लांटवर, शिफ्ट लागली की आठवडाभर घरी नसतो. मुलगी सातवीत. आणि मी सात वर्षं घरात. इथे येण्याआधी पुण्यात एका कंपनीत मी बिल्ड सांभाळायचे. बिल्ड म्हणजे दहा-बारा जणांनी लिहिलेला कोड रोज एका जागी गोळा करून त्यातून चालता प्रोग्राम तयार करणारी यंत्रणा. कुणाचा एक तुकडा बिघडला की सगळं लाल होतं, नीट बसलं की हिरवं. ते हिरवं बघायची मला चटक होती. इथे आल्यावर ती चटक सात वर्षं उपाशी राहिली. मुलीच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर मी 'हाउसवाइफ' लिहायचे आणि पेन जरा जोरात दाबायचे.

मग एका लहानशा कंपनीने मला घेतलं. तीन महिन्यांच्या बोलीवर. मॅनेजर बाई जॉर्डनच्या, वयाने माझ्याएवढ्याच, बोलायला धारदार. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे काम ठेवलं ते हे: बिरकत अल अवामेरला कामगारांची मोठी वसाहत आहे. पहाटे तिथल्या गेटवरून पस्तीस-चाळीस बस वेगवेगळ्या साइटवर सुटतात. कोणाची बस कुठे लागलीय हे कळायला माणसं एका बसकडून दुसरीकडे धावतात, आणि ज्याची चुकली त्याचा दिवस गेला. आमचा प्रोग्राम असा, की माणसाने गेटवर कार्ड टेकवलं की पडद्यावर त्याची बस आणि फलाट दिसावा.

प्रोग्राम तयार होता. अडचण होती तो तिथे पोहोचवायची. गेटच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, बाहेरचं नेटवर्क जोडायला परवानगी नाही. त्यामुळे आमच्या ऑफिसातून कुणीतरी फोल्डरच्या फोल्डर घेऊन जायचं, अर्धा दिवस बसून हाताने सगळं जागच्या जागी ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: बंद पडलं. मग परत जायचं. बाईंना याचा वीट आला होता.

"मला एक फाइल हवी," त्या म्हणाल्या. "पेन ड्राइव्हवर एकच फाइल. कुणीही दोनदा क्लिक केलं की काम झालं पाहिजे. आपला माणूस तिथे नको."

यासाठी एक पॅकेजिंग टूल असतं. बिल्ड संपलं की हे टूल पुढे येतं आणि प्रोग्रामचं गाठोडं बांधतं. पण ते स्वतःच्या डोक्याने काही करत नाही. त्याला एका लहानशा फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं: हे घे, हे वगळ, हे तिथे उघड, हे आधी तपास. ती फाइल लिहायची म्हणजे माझं काम. जेमतेम साठ ओळींची फाइल, पण मी तिच्यावर जीव टाकला. एक ओळ बदलायची, बिल्ड चालवायचं, गाठोडं कसं झालं ते उघडून बघायचं. सात वर्षांनी पहिलं हिरवं दिसलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या टेबलावरची मंडळी मान वर करून बघायला लागली, तर मी बघू दिलं.

आता माझी चूक.

आखातात राहणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, बॅग भरायची कला तिला येते. वजनकाटा हातात धरायचा, बॅग लटकवायची, आणि काटा पुढे गेला की एकेक वस्तू बाहेर काढायची. कसोटी एकच: तिकडे मिळतं का? मिळत असेल तर काढ. सासूबाई या खेपेला दोन महिन्यांसाठी यायच्या होत्या तेव्हा मी नाशिकला फोनवर हेच ऐकवलं होतं. "अहो आई, तांदूळ नको, साखर नको, मीठ तर मुळीच नको. इथे सगळं मिळतं. गोडा मसाला आणि कुरडया तेवढ्या आणा." त्यांनी "बरं" म्हटलं आणि आल्या तेव्हा बॅगेत मिठाचा पुडा होताच. मी कपाळावर हात मारला होता.

तर हाच हात मी त्या फाइलवर चालवला. गाठोडं मला फार जड वाटलं. मी आत बघितलं, तर त्यात एक मोठी लायब्ररी होती, म्हणजे प्रोग्रामला चालताना लागणारा तयार कोड. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ती आधीपासून होती. मग कशाला वाहायची? 'वगळ'च्या यादीत तिचं नाव घातलं. गाठोडं एकदम निम्मं झालं. ऑफिसातल्या सहा कॉम्प्युटरवर चालवून बघितलं, सहाही ठिकाणी चाललं. मी बाईंना आकडा दाखवला आणि अशी काही उभी राहिले की जणू मी विमानतळावर वजनाचा काउंटर जिंकून आलेय.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही बिरकतला गेलो. बस सगळ्या गेलेल्या, मैदान रिकामं, गेटजवळ एक कंटेनरचं केबिन आणि त्यात थंडगार एसी. गेटचा सुपरवायझर पन्नाशीतला, उन्हाने रापलेला, हातात बसच्या याद्यांची वही. माझ्याशी हिंदीत बोलत होता. मी पेन ड्राइव्ह लावला, दोनदा क्लिक केलं, पट्टी सरसर भरत गेली. शंभर टक्के. मी बाईंकडे बघून हसलेसुद्धा. मग प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर एक राखाडी चौकोन आला: अमुक लायब्ररी सापडली नाही.

परत केलं. तोच चौकोन. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तोच चौकोन.

"अगं बाई, मेलं काय झालं याला!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सुपरवायझरने वहीतून मान वर केली. "ताई, तुमी मराठी व्हय? मी उदगीरचा की. काय बघालाव? बंद पडलंय का?"

एरवी मी आनंदाने उडी मारली असती. त्या क्षणी मला केबिनची जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. गाववाला भेटला, आणि भेटला तो माझी फजिती बघायला.

"असू द्या ताई," तो म्हणाला. "मशीनच हाय ते. आमची वही काय कुटं पळून चालली न्हाई." आणि त्याने चहा मागवला. त्याच्या या चांगुलपणानेच मला जास्त लागलं.

परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, "तुझे तीन महिने कधी संपतात?"

"मंगळवारी."

"रविवारी परत जा. या वेळी मी येणार नाही. मंगळवारी दुपारी बारापर्यंत त्या गेटवरून मला 'बंद पडलं' म्हणून एकही फोन आला नाही, तर तू राहिलीस. आला, तर खलास. आपण जुन्या पद्धतीने फोल्डर नेऊ आणि मला ते नेणारा माणूस लागेल, तू नाही. ठीक?"

मी "ठीक" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? राग तर इतका आला होता की गाडीची काच खाली करून ओरडावं. पण राग बाईंवर नव्हता, स्वतःवर होता, आणि तसला राग कुणावर काढताही येत नाही. म्हणून मी तो घरी नेला.

घरी शुक्रवारी सत्यनारायण होता. सासूबाईंची परत जायची वेळ जवळ आली होती आणि नातीच्या घरात एक पूजा व्हावी अशी त्यांची फार इच्छा. गुरुजी म्हणजे एका प्लांटवरचे सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर हेल्मेट, शुक्रवारी सोवळं. पूजा छान झाली, शिरा छान झाला, मी मात्र मनातल्या मनात साठ ओळी वर-खाली वाचत होते.

पूजेनंतर गुरुजींना शिधा द्यायचा होता. सासूबाईंनी मला ताट भरायला सांगितलं. तांदूळ, तुरीची डाळ, कणीक, गूळ, तूप, तिखट, हळद, चिंच, एक भाजी, वर विडा. मी भराभर भरलं आणि उचललं.

"मीठ?" सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, गुरुजी बायकामुलांसह राहतात इथे. त्यांच्या घरी मीठ नसेल का?"

"असेल."

"मग?"

"मग काही नाही. पुडी बांध."

माझा पारा चढलाच. "मीठ कुठेही मिळतं! प्रत्येकाच्या घरात असतं!"

सासूबाई माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. कागदाचा चौकोनी तुकडा घेतला, त्यात मीठ घातलं आणि पुडी बांधता बांधता म्हणाल्या, "शिधा देताना समोरच्याकडे काय असेल ते आपण धरायचं नसतं. त्याच्याकडे काहीच नाही असं धरून द्यायचं. चूल पेटवली की त्याला शेजारी मीठ मागायला जावं लागू नये. लागलं, तर दिलेलं सगळं फुकट."

मी ताट धरून उभीच राहिले. प्रत्येकाच्या घरात असतं! हेच तर मी त्या लायब्ररीबद्दल म्हटलं होतं. सहा कॉम्प्युटरवर चालवून बघितलं, पण ते सहाही आमच्यासारख्यांचे. भरल्या घरात जाऊन मी विचारत होते, मीठ आहे ना? आहे. मग गेटवर का नसेल? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

"आई!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की गुरुजी उपरणं सावरत स्वयंपाकघरात डोकावले. "आई, मला कोरा कॉम्प्युटर पाहिजे!"

"आधी त्यांना ताट दे," सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी मुलीच्या खोलीत गेले. तिच्याकडे शाळेचा जुना लॅपटॉप होता, नवा मिळाल्यापासून नुसता पडलेला. मी तो पुसून कोरा करणार होते, अगदी कारखान्यातून आल्यासारखा.

"ममा, यू कान्ट जस्ट इरेज माय लाइफ!"

"तुझं आयुष्य नव्या लॅपटॉपवर कॉपी कर. तासाभरात."

"अँड व्हॉट डू आय गेट?"

"संध्याकाळी द पर्लला, मरिनावर आइस्क्रीम. दोन स्कूप."

"थ्री."

तीनवर सौदा झाला.

लॅपटॉप कोरा झाला. मी गुरुवारचंच गाठोडं, एक अक्षरही न बदलता, त्यावर चालवलं. पट्टी सरसर भरली. प्रोग्राम उघडला. आणि आला! तोच राखाडी चौकोन, तीच ओळ! मी मुलीला मिठी मारली. तिला वाटलं झालं काम. "नाही गं, बिघडलं! गेटवर जसं बिघडलं तसंच इथे बिघडलं!" तिने आजीकडे बघून डोळे फिरवले. पण ज्याने कधी यंत्रातली चूक शोधली असेल त्याला विचारा. लपलेली चूक आपल्या घरात, दिवसाउजेडी, आपल्या जेवणाच्या टेबलावर पकडता येणं यासारखं सुख नाही.

'वगळ'च्या यादीतून मी ते नाव काढलं. पण नुसतं तेवढ्यावर थांबेन तर मी कसली? उत्साहाच्या भरात आणखी एक ओळ बदलली आणि टूलला सांगून टाकलं, फोल्डरमध्ये असेल नसेल ते सगळं घे. कशाची कमी नको! ऑफिसचं बिल्ड घरून चालवलं, हिरवं झालं, नवं गाठोडं आलं. इकडे लॅपटॉप पुन्हा कोरा करावा लागला, कारण एकदा काही बसवलं की तो कोरा राहत नाही. हे काम आता मुलगीच करायला लागली होती, कुणी न सांगता.

दुसऱ्या खेपेला प्रोग्राम उघडला. आम्ही तिघी टेबलाभोवती. पडद्यावर बसची यादी आली आणि पहिल्याच ओळीत सासूबाईंचं नाव. बस क्रमांक एक, फलाट चार.

सासूबाईंनी चष्मा पुढे सरकवला. "मी कुठे चालले?"

चाचणीसाठी मी केव्हातरी खोटी यादी बनवली होती, त्यात घरातली सगळी नावं. 'सगळं घे' म्हटल्यावर टूलने तीही बांधून घेतली होती. मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. रविवारी गेटवर ही यादी उघडली असती तर पस्तीस बस थांबवून लोकांनी माझ्या सासूबाईंना शोधलं असतं.

"शिधा म्हणजे घर उचलून द्यायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या, आणि फलाट चार कुठे आहे ते मात्र दोनदा विचारलं.

मग मी उतावळेपणा बाजूला ठेवला आणि चक्क कागद घेऊन बसले. प्रोग्रामला चालायला काय काय लागतं ते एकेक लिहिलं. जे लागतं ते आत, मग ते कुणाकडे का असेना. जे लागत नाही ते बाहेर, मग ते कितीही हलकं का असेना. तिसऱ्यांदा लॅपटॉप कोरा झाला. तिसऱ्यांदा गाठोडं चढलं. पट्टी भरली, प्रोग्राम उघडला, पडदा स्वच्छ, यादी भरायला रिकामी जागा. आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या. मरिनावर मुलीने तीन स्कूप खाल्ले आणि मी चार.

रविवारी बिरकतला एकटी गेले. टॅक्सीतच ठरवलं होतं, आज आपला हात लावायचा नाही. पेन ड्राइव्ह सुपरवायझरच्या हातात दिला.

"मी?" तो मागे सरकला. "ताई, मला न्हाई जमायचं. मी दहावी नापास."

"मी नसेन तेव्हा कोण करणार?" मी म्हटलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. बोटं एकमेकांत इतकी घट्ट धरली होती की दुखत होती.

त्याने शर्टाला बोट पुसलं. दोनदा क्लिक केलं. पट्टी भरायला लागली. तो पट्टीकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. प्रोग्राम उघडला. राखाडी चौकोन नाही. त्याने त्याच दिवशीची यादी भरली, स्वतःचं कार्ड टेकवलं, आणि पडद्यावर त्याचं नाव आलं.

"आलं की वो ताई!" तो इतका जोरात म्हणाला की बाहेरचा पहारेकरी आत आला. मग पहारेकऱ्याने कार्ड टेकवलं. मग पाणी भरायला आलेल्या माणसाने. पेन ड्राइव्ह मी तिथेच विसरले आणि परत येईपर्यंत टॅक्सीत गाणं गुणगुणत होते.

सोमवारी फोन आला नाही. म्हणजे बाईंच्या टेबलावरचा फोन वाजत होता, पण बिरकतचा नाही. प्रत्येक वेळी तो वाजला की मी टायपिंग थांबवून कान द्यायचे. मंगळवारी सकाळी मी काम करतेय असं दाखवत होते. दहा वाजले. साडेदहा. अकरा. अकरा वीसला फोन वाजला. बाईंनी उचलला, दोन शब्द ऐकले आणि माझ्याकडे बघितलं.

"बिरकत," त्या म्हणाल्या. "तुझ्या भाषेत बोलतोय."

टेबलापर्यंतची सात-आठ पावलं कशी चालले ते आठवत नाही. इतक्यात मनातल्या मनात मी शाळेचा पुढचा फॉर्मही भरून टाकला. हाउसवाइफ.

"ताई, मी बोलालोय. रागावू नगा."

"काय बंद पडलं?"

"बंद? न्हाई न्हाई. तुमचा पेन ड्राइव्ह राहिलाय न्हवं माझ्याकडं. त्याच्यावरनं मी वसाहतीच्या बाकीच्या दोन गेटवर बी बसवलं काल. कुणाला न इचारता. चालतंय. तिन्ही गेटवर चालतंय. आज पहाटे बस दाखवत मी पळालोच न्हाई, ताई. चौदा वर्सांत पहिल्यांदा गेटवर उभा राहून गरम च्या पिलो. ते सांगाया फोन केला."

फोन ठेवला तर बाई भुवई उंचावून बसलेल्या.

"काय हवं होतं त्याला?"

"काही नाही."

"मग फोन कशाला केला?"

"आज चहा गरम प्यायला मिळाला, ते सांगायला. आणि बाकीच्या दोन गेटवर त्याने स्वतःच बसवलंय."

"तू न जाता?"

"मी न जाता."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. बाराला अजून अर्धा तास होता. मग त्यांनी खण उघडला, त्यातून कायम नोकरीचं पत्र काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. आधीच टाइप केलेलं होतं. केव्हा केलं होतं, ते मी विचारलं नाही.

मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. सासूबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे सकाळपासून फोनजवळच बसल्या असणार.

"आला का गं फोन?"

"आला," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

त्या हळूच म्हणाल्या, "मीठ मागायला?"

"नाही, आई. जेवण झालं म्हणून सांगायला."